मी पडलो नव्हतो

मी पडलो नव्हतो. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण एवढं एक वाक्य मी महिनोन्‌महिने गिळून बसलो आणि त्यापायी उजवा पाय पणाला लागला. ज्यांच्या घरी कुणाचा सांधा सुजलाय आणि ‘काही नाही, मुका मार आहे’ म्हणत तेलाची वाटी गरम होतेय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. मी लेखक नाही, फौजेतला रिटायर हवालदार आहे. जे झालं ते झालं तसं सांगेन.

*

भरती झालो तेव्हा मी बास्केटबॉल डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. सहा फूट दोन इंच उंची, एवढंच भांडवल. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मला ‘शिडी’ म्हणायचे आणि माळ्यावरच्या वस्तू काढायला बोलवायचे. फौजेत एका सुभेदारसाहेबांनी रांगेतून बाहेर ओढलं, हातात चेंडू दिला आणि वर लोखंडी कडं दाखवलं. त्या कड्यानं मला पंधरा वर्षं पोसलं. आधी पलटणीच्या टीममध्ये, मग कमांडच्या. रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास खेळ, हीच माझी नोकरी. पेन्शनीत आलो तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं घेतलं. कागदावर मी पहारेकऱ्यांचा मुकादम होतो. खरं तर त्यांना स्पर्धेसाठी टीम उभी करायची होती आणि छत्तिशीतही माझी उडी शाबूत होती.

फौजेतल्या टीमच्या खेळाडूंमध्ये एक रीत होती, ती इथं सांगायलाच हवी. सिक रिपोर्टला, म्हणजे फौजी डॉक्टरकडं, जायचं तर ताप, कणकण, थकवा असलं काही सांगायचं नाही. तसं सांगणारा कामचुकार ठरायचा आणि त्याची जागा दुसऱ्याला जायची. मार लागला असेल तर मात्र मान. म्हणून आम्ही प्रत्येक दुखण्याला एक पडणं जोडून द्यायचो. ‘रिबाउंडला उडालो, दुसऱ्याच्या बुटावर उतरलो.’ रिबाउंड म्हणजे कड्यावरून उसळून परतलेला चेंडू. हे वाक्य आम्हा सगळ्यांचं पाठ होतं. डॉक्टरही हसून पट्टी बांधून द्यायचे. एकच जण, माझ्याच खोलीतला, एकदा खरं बोलला. रोज संध्याकाळी ताप येतो म्हणाला. छातीचा क्षय निघाला. त्याची ट्रंक आम्ही ट्रकवर चढवली, तो परत टीममध्ये आला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. उसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्याच सुमारास माझा उजवा गुडघा फुगायला लागला. कुठं पडलो नाही, आपटलो नाही. सकाळी उठलो तर गुडघ्याची वाटी दिसेना. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला कणकण यायची आणि पहाटे बनियन पिळून काढावं इतका घाम. कारण नसलेली सूज आणि रोजचा संध्याकाळचा ताप म्हणजे काय असू शकतं हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच घाबरलो.

इंदूनं, माझ्या बायकोनं, विचारलं पायाला काय झालंय. माझ्या तोंडून पाठ असलेलं वाक्य निघालं. रिबाउंडला उडालो, दुसऱ्याच्या बुटावर उतरलो.

*

इंदूचे वडील आबा. तासगावजवळच्या गावात त्यांची तालीम. पंचक्रोशीत कुणाचा खांदा निखळला, घोटा लचकला की आबा वस्तादांकडं. हातात यश होतं. इंदूनं पत्र टाकलं आणि मी रजा काढून तिच्यासह महिनाभर सासुरवाडीला जाऊन राहिलो. जावई महिनाभर मुक्कामाला म्हटल्यावर गावात थट्टा झाली, पण आबांनी कुणाला फार बोलू दिलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तालमीच्या ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्यावर तळहात ठेवला. ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग हळूच विचारलं, “पाहुणं, नक्की कवा पडलासा?”

मी वार सांगितला, मैदान सांगितलं, समोरच्या टीमचं नावही सांगितलं. खोटं बोलायचं तर पुराव्यासकट. आबांनी मान हलवली आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

मग महिनाभर रोज सकाळी तेल, वर रुईची गरम पानं, संध्याकाळी हळद-तुरटीचा लेप. चोळताना मी दात खाऊन बसायचो. सूज कमी होण्याऐवजी वाढली, मांडी वाळत गेली. एका सकाळी पाय सरळच होईना. तेव्हा इंदूच म्हणाली, सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं चला.

*

सांगलीचा दवाखाना. एक्स-रेचा फोटो काढला, सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ. फोटो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, “हाडाचा क्षय आहे. सांध्यात बसलाय.”

इंदूनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मी फोटोकडं बघत राहिलो. पंधरा वर्षं ज्याच्यावर उड्या मारल्या ते हाड मी पहिल्यांदा बघत होतो, आणि त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती.

“मार लागला होता का?”

मी हो म्हणालो. तेच वाक्य.

“त्याआधी ताप, घाम?”

मी नाही म्हणालो. इंदूनं माझ्याकडं पाहिलं. माझी बनियनं तीच धूत होती, पण तो मेहनतीचा घाम असं मी तिला पटवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी मार लागलेल्या जागी हा रोग येऊन बसतो. मग त्यांनी काय काय उपाय केले ते विचारलं. इंदूनं तेल, लेप, शेक, सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. “चोळलंत?” म्हणाले. “महिनाभर चोळलंत? अहो, याला हलवायचंसुद्धा नसतं. फार नुकसान केलंत.”

बाहेर आल्यावर इंदू बाकावर बसली आणि रडली नाही. एवढंच म्हणाली की आबांनी तुमच्या पायाचं वाटोळं केलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, चहा घेऊ या.

*

दवाखान्यात भरती झालो. पहिले काही दिवस पायाला दोरी, दोरीला वजन, पलंगाचा पायथा विटांवर. मग जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. सकाळी साडेसहाला ब्रदर इंजेक्शनची ताटली घेऊन यायचा. दोन्ही कुल्ल्यांवर जागा उरली नाही म्हणून दंड सुरू झाले. त्यावर दिवसातून तीन वेळा औषधाच्या पुड्या. त्या पुड्यांची चव ज्यानं घेतलीय त्याला सांगायला नको आणि ज्यानं घेतली नाही त्याला सांगून कळणार नाही. पोटात गेल्या की तासभर मळमळ. नऊला डॉक्टर, बाराला जेवण, चार ते सहा भेटायची वेळ. पाच वाजले की मी घड्याळाकडं बघायचो. ताप आपल्या वेळेला इमानदार होता.

शेजारच्या पलंगावर मिरजेचे बाबूभाई. सतारी करणारे. त्यांचा क्षय पाठीच्या मणक्यात, म्हणून ते सहा महिन्यांपासून छताकडं तोंड करून होते. थट्टेखोर माणूस. मला म्हणायचे, “तुमी वर कडं बगत जल्म काडला, मी वर पंखा बगत काडतोय.” या इंजेक्शनांनी कधी कधी कान जातात, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. कान गेले तर सतारवाल्याचं सगळंच गेलं. म्हणून बाबूभाई रोज सकाळी नखानं पितळी पेल्यावर टिचकी मारायचे आणि आवाज कुठवर रेंगाळतो ते डोळे मिटून ऐकायचे. एका सकाळी आवाज लवकर विझला. त्यांनी त्याच क्षणी ब्रदरला हाक मारली, इंजेक्शन घेतलं नाही, डॉक्टर येईपर्यंत त्याचा हात धरून ठेवला. डॉक्टरांनी औषध बदललं. डावा कान थोडा गेला, उजवा राहिला.

मी हे सगळं शेजारी पडून बघितलं. माणसानं वेळेवर तोंड उघडलं की काय वाचतं ते मला पाच फुटांवरून दिसलं, आणि तरी मी गप्प.

*

आबा पहिल्या शनिवारी आले. एस.टी.नं, हातात बदामाची पुरचुंडी. पैलवानाला ताकद आणायची तर बदाम, यापलीकडं त्यांचं औषधशास्त्र नव्हतं. इंदू वॉर्डच्या दारात उभी राहिली आणि त्यांना आत येऊ दिलं नाही.

“आबा, आता बास. तुमच्या हातानं व्हायचं ते झालं. परत त्या पायाला तुमचा हात नगं.”

म्हाताऱ्यानं पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि वळला. माझा पलंग दारापासून तिसरा. मला सगळं ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. आत आले नाहीत. बाहेर लिंबाखाली दगडी कट्ट्यावर चार ते सहा बसून राहिले. बदाम बाबूभाईंच्या बायकोकडं दिले आणि शेवटच्या गाडीनं गेले. असे बारा-तेरा शनिवार. खिडकीतून मला त्यांच्या फेट्याचा वरचा भाग दिसायचा, तेवढाच.

मग गावाकडून बातमी आली. आबांनी माणसं तपासायचं बंद केलं. कुणी लचकलेला हात घेऊन आलं की सांगायचे, मिरजेला जावा, सांगलीला जावा, माझ्या हातात आता काय न्हाई. वस्तादानं जावयाचा पाय घालवला, असं लोक उघड बोलायला लागले होते. तालमीतली चार पोरं सोडून गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघत होतो. आणि चोर पलंगावर पडून संन्याशानं आणलेले बदाम खात होता. का बोललो नाही? सरळ सांगतो. इंदू सांगलीतच खोली घेऊन राहिली होती, रोज सकाळी डबा घेऊन यायची, मला पुसायची, भांडं द्यायची, आणि एका शब्दानं बोल लावायची नाही, कारण तिच्या लेखी माझी काही चूक नव्हती. तिचा राग जायला एक दुसरी जागा होती. ती जागा मी रिकामी केली तर तो राग कुठं येईल हे मला ठाऊक होतं. लाज वाटायची. तरी तोंड उघडत नव्हतं.

*

तीन महिन्यांनी प्लास्टर काढलं. मोठ्या कात्रीनं कापताना पांढरी भुकटी उडत होती. आतून निघालेला पाय माझा वाटेना, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. डॉक्टरांनी एक हात मांडीखाली आणि एक घोट्याखाली घालून गुडघा वाकवायचा प्रयत्न केला. तो बोटभर वाकला आणि आत वाळू दळल्यासारखा आवाज झाला. त्यांनी लगेच खाली ठेवला. पुन्हा फोटो.

संध्याकाळी ते माझ्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. डॉक्टर स्टूल ओढून बसले की बातमी चांगली नसते. सांधा उरला नव्हता. रोग दबलाय, पण त्या सांध्यात तो पुन्हा कधीही उठेल. वरचं आणि खालचं हाड एकत्र जोडून टाकायचं, पाय कायमचा सरळ राहील, पण राहील. मग थोडं थांबून म्हणाले, “मांडीच्या हाडात वर किती गेलंय ते उघडल्यावरच कळेल. फार वर असेल तर पाय ठेवता येणार नाही. दोन्हीसाठी सही लागेल.”

ऑपरेशन परवा, बुधवारी. इंदूनं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि सही केली. सही करताना तिचे ओठ हलत होते. नवस बोलत असावी. मी विचारलं नाही.

मी मात्र वेगळाच हिशेब घालत होतो. भूल दिल्यावर माणूस उठतोच असं नाही. उठलोच, आणि पाय नसला, तर इंदू बापाचं तोंड जन्मात बघणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण माझ्या मुठीत दुसऱ्याचा जीव होता.

मंगळवारी सकाळी तिला म्हणालो, आबांना बोलावून घे. ती नको म्हणाली. मी म्हणालो, माझ्यासाठी. निरोप गेला. भेटायच्या वेळेला आबा आले आणि सवयीनं लिंबाकडं वळले. इंदूनं त्यांना आत आणलं, पण स्वतः भिंतीला टेकून लांब उभी राहिली. आबा पलंगाच्या पायथ्याशी थांबले. दोन्ही हात पाठीमागं धरलेले. ते हात माझ्या नजरेला पडू नयेत असं त्यांना वाटत होतं.

मी म्हणालो, “आबा, मी पडलो नव्हतो.”

मग मी सगळं सांगितलं. सूज आपोआप आलेली, पाचचा ताप, पहाटेचा घाम, फौजेतली ती रीत, आणि माझ्या खोलीतल्या त्या गड्याची ट्रंक. तुमचा हात गुडघ्यावर थांबला होता ते मला दिसलं होतं, हेही सांगितलं.

आबांनी पाठीमागचे हात पुढं आणले. हातांकडं बघतच बोलले.

“मला कळलं हुतं. मुक्या माराची सूज आठ दिसांत गार पडती. तुमचा गुडगा तव्यावानी तापल्याला. हात म्हनत हुता, ह्ये येगळं हाय. पर जावायाच्या शब्दाला खोटं कसं पाडायचं? मी तुमचं ऐकलं, हाताचं न्हाई ऐकलं.” मग मान वर करून म्हणाले, “तालमीतलं पोर असतं तर कानफटात दिली असती आन म्हनलो असतो, खरं बोल.”

“मग द्या,” मी म्हणालो.

मला वाटलं म्हातारा रडेल. तो पलंगाच्या कडेनं दोन पावलं पुढं आला आणि खरंच दिली. फार जोरात नाही, पण तालमीचा हात होता, गाल चरचरला. सगळा वॉर्ड आमच्याकडं बघायला लागला.

छताकडं तोंड केलेले बाबूभाई म्हणाले, “ह्ये मातर दोनी कानांनी ऐकू आलं.”

पहिल्यांदा मी हसलो की आबा, आठवत नाही. इंदू हसली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि बापाला बसायला दिलं, पाणी दिलं. भेटायची वेळ संपल्यावर, जाताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, “आबांना मी दारात काय बोलले ते तुमी ऐकत हुता. तीन म्हैनं ऐकत हुता.”

तिनं डबा उचलला आणि आबांच्या मागोमाग त्याच दारातून बाहेर पडली.

*

बुधवारी शुद्धीवर आलो तेव्हा तोंडाला कोरड आणि डोळ्यांवर झापड. पहिला हात खाली गेला. मांडी होती, पण मांडी असणारच होती. तिच्याखाली प्लास्टर लागलं. हात आणखी पुरेना. मी डोळे उघडून पलंगाच्या टोकाकडं बघायला घाबरत होतो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला, आणि मला तो कळला. पलंगाच्या पायथ्याशी आबा होते. इंदूनंच त्यांना तिथं उभं केलं होतं.

पुढं आणखी पाच महिने प्लास्टर आणि सव्वा वर्ष पुड्या. तपशील सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. पुड्या मधे सोडू नका, एवढं सांगतो. इंदू महिनाभर कामापुरतं बोलली. मग एक दिवस पुडी घेताना मी तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाली, घ्या गुमान, नाहीतर आबांना बोलावीन. तिथून संसार पुन्हा सुरू झाला. आबांनी माणसं तपासायला पुन्हा सुरुवात केली. आता आधी हात ठेवतात, आणि हाताला शंका आली तर तेलाला शिवत नाहीत, गाडीत बसवतात.

माझा गुडघा आता वाकत नाही. बास्केटबॉलात ताकद गुडघ्यातून येते, हे मला तो गेल्यावर नीट कळलं. फ्री थ्रोच्या, म्हणजे एकट्यानं उभ्यानं चेंडू टाकायच्या, रेषेवर उभा राहिलो तर चेंडू कड्यापर्यंत पोचेना. दोन वर्षं लागली, आता दहातले चार जातात. कारखान्यानं टीमला शिकवायला ठेवलंय.

गेल्या महिन्यात टीममधला एक जण, लग्न झालेला, चांगला खेळणारा गडी, मनगट सुजवून आला. म्हणाला, सर, रिबाउंडला उडालो आणि हातावर पडलो. मी मनगटावर तळहात ठेवला. ठेवला तो काढला नाही.

“कुठं पडलास ती जागा दाखव.”

तो मैदानाकडं बघायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून झालं. मग मान खाली घालून म्हणाला, “न्हाई पडलो, सर.”

साडेअकराची सांगलीची गाडी आम्हाला मिळाली. खिडकीशी तो बसला, कडेला मी. माझा पाय मधल्या वाटेत सरळ पसरलेला होता. कंडक्टर त्याला दोनदा अडखळला आणि दुसऱ्यांदा वैतागून म्हणाला, “आवं, पाय घ्या की आत.”

“येत नाही,” मी म्हणालो. “दोन तिकिटं द्या.”